दुसऱ्याच बंदुकीची चक्री

आमच्या घरातल्या त्या वस्तूला आई बंदूक म्हणायची, दादा पिस्तूल म्हणायचा, आणि आयटीआयमध्ये तीस वर्षं यंत्रकाम शिकवलेला मी दोघांनाही दुरुस्त करायचो. ती रिव्हॉल्व्हर आहे. जिची चक्री फिरते ती रिव्हॉल्व्हर. आई म्हणायची, "फिरू दे नं बापा, आपल्याले कुठं तिच्यावर दळन दळाचं हाये." माझ्या दुरुस्त्यांनी घरात कधी कोणाचं भलं झालं नाही. हे आता मला कळलं आहे, पण सहासष्टाव्या वर्षी कळून करायचं काय?

वडील पोलीस पाटील होते. मेडशीहून आत आमचं गाव, गावामागे लगेच जंगल. आम्ही माळी, विहिरीवर वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारे. पाटीलकीच्या काळात बदली होऊन जाणाऱ्या एका जंगलसाहेबाकडून वडिलांनी ती रिव्हॉल्व्हर रीतसर परवान्यावर घेतली. विलायती, सहा गोळ्यांची, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी बनलेली. परवान्याच्या वहीत तिचा नंबर होता. वडील गेल्यावर ती वही दादाच्या नावावर झाली. मी तिचा आवाज उभ्या आयुष्यात ऐकला नाही. गोळ्या संपल्या त्या संपल्याच, आणि कोणी नव्या आणायला गेलं नाही.

वर्षभर ती लोखंडी पेटीत, वडिलांच्या जुन्या फेट्यात गुंडाळलेली असायची. बाहेर निघायची ती दोनच वेळा. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायला, आणि दसऱ्याला. ठाण्यात वहीवरून नंबर उतरवून घेत, गाठोड्याला चिठ्ठी बांधत, आणि निकाल लागला की गाठोडं परत देत. फेटा सोडून आत काय आहे हे कोणी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं आम्हालाही वाटलं नाही.

भाजीवाल्याच्या घरी दसरा म्हणजे लोखंडाचा सण. आदल्या दिवशी खुरपी, विळे, कुदळी, पावडी, विहिरीवरच्या मोटारीचे पाने, सगळं अंगणात यायचं आणि विटेचा चुरा, चिंच आणि राख लावून घासून निघायचं. लोखंडावर काळा डाग राहिला तर पूजा लागत नाही, हा आईचा नियम. आणि हे काम घरच्या मोठ्या सुनेचं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा अठराची असेल, मी बारा-तेराचा. पहिल्याच दसऱ्याला आईने तिच्यापुढे ढीग टाकला आणि फेटा सोडून रिव्हॉल्व्हरही त्यातच ठेवली. तोवर आई स्वतः तिच्यावरून नुसता तेलाचा बोळा फिरवायची. हे आईने सांगितलं नाही आणि नव्या सुनेने विचारलं नाही. पोलादावर कारखान्यातली निळसर काळी झिलई होती. वहिनीला वाटलं, काय हा वर्षानुवर्षांचा मळ! ती दुपारभर बसून घासत राहिली. संध्याकाळी वडील मळ्यातून आले तर पाटावर खुरप्यांच्या रांगेत चांदीसारखी चकाकणारी रिव्हॉल्व्हर. वडिलांनी ती उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. मग म्हणाले, "वा! पाटलाची सून लोखंडाची चांदी करते."

झालं. गावातल्या बाया बघायला आल्या. त्या दिवसापासून दर दसऱ्याला वहिनीने ती घासली, पन्नासाच्या वर दसरे झाले असतील. आईने कौतुक केलं, दादाने केलं, मीही केलं. रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर कारखान्याने ठोकलेला नंबर त्या कौतुकात झिजत झिजत गेला. यंत्रकामाचा माणूस मी, माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि मी शेजारी बसून पुरणपोळी खात होतो.

वहिनीबद्दल सांगायला हवं. आई सकाळपासून मळ्यात, त्यामुळे माझी शाळेची भाकर वहिनीने बांधली. दहावीनंतर दादा मला मळ्यावरच ठेवायला निघाला होता. एरवी त्याच्यापुढे मान वर न करणारी वहिनी त्या दिवशी चुलीपासून उठून बाहेर आली आणि म्हणाली, "त्यायचे हात मशीनचे हायेत. मातीत घालू नका." म्हणून मी अकोल्याला आयटीआयला गेलो. माझ्या पगाराच्या आणि पेन्शनच्या मागे ते एक वाक्य आहे, आणि ते मी कधी विसरलो नाही. विसरलो असतो तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असताना दादा एका शनिवारी रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून आला. चक्री डगडगते, म्हणाला, काहीतरी कर. चक्री पोलादी पिनेवर फिरते. पिन नीट होती, पण चक्रीचं भोक तिला मोठं होत होतं. मी अठरा वर्षांचा, नुकताच लेथवर हात बसलेला. भोक झिजलं आहे, मी मोठ्या तज्ज्ञासारखं सांगितलं, आणि पितळेचं एक बुश करून चक्रीत ठोकून बसवलं. बुश म्हणजे मोठ्या भोकात बसवायचं कडं. असं नेमकं बसलं की केस जाईल एवढी फट नाही. दादा खूश. गावी नेलं तेव्हा वहिनीने ते पितळही घासून पिवळंधमक केलं आणि शेजारणीला सांगितलं, "आमच्या भाऊजीनं केलं." त्या काळात माझं एवढं कौतुक दुसऱ्या कोणी केलं नव्हतं.

दादा गेल्या हिवाळ्यात गेला. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, त्याची मुलगी पुण्याला परत गेली, आणि वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, ते पेटीतलं एकदाचं घरातून जाऊ द्या. मले त्याच्यासंगं एकटं राह्यचं भेव वाटते. आन् सरकारचा कागद आना, का या घरी आता काई नाई म्हून." तिला एवढंच हवं होतं. घर रिकामं झाल्याचा एक कागद. मी म्हणालो, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम आहे.

वही, दादाचा मृत्यूचा दाखला आणि गाठोडं घेऊन आम्ही एसटीने तालुक्याला गेलो. पाटलाची सून, पण ती ठाण्याची पायरी पहिल्यांदाच चढत होती. पदर नीट घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली आणि मी आत गेलो. हवालदार चाळिशीतला, बोलायला गोड. त्याने गाठोडं सोडलं, रिव्हॉल्व्हर उलटसुलट केली, खिडकीच्या उजेडात धरली. सांगाड्यावर दोन आकडे, तेही असल्यासारखे. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, म्हातारी वस्तू हाये. वही संगं हाये नं. लिहून घेतो, क्रमांक झिजलेला, वहीप्रमाने जमा." त्याने पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात तो सहज पुढे म्हणाला, "तशी दिसते तं गावठीच. कट्टाच म्हना."

कट्टा! माझ्या वडिलांची विलायती रिव्हॉल्व्हर, आणि कट्टा! इथे मी गप्प बसलो असतो तर पाच मिनिटांत कागद हातात पडला असता, आणि आम्ही दुपारच्या गाडीने घरी. पण मी गप्प बसणारा असतो तर आयटीआयमध्ये पोरांनी मला 'कानस', म्हणजे लोखंड घासायचं हत्यार, हे नाव कशाला ठेवलं असतं? मी खुर्ची पुढे ओढली आणि तास घ्यायला सुरुवात केली.

मी त्याला नळीच्या आतले पीळ दाखवले. गावठी कामात असे पीळ निघतात का, सांगा. मुठीच्या दोन बाजू दाखवल्या. ही शिंगाची, चौकटी कोरलेली, मूळची. ही सागवानाची, मूळची तडकली म्हणून आमच्या गावच्या सुताराने केलेली. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी नंतर डाग देऊन बसवलेली, इथे पितळेची रेघ बघा. असं एकेक अंग वेगळं करून ओळखायचं असतं, मी म्हणालो, काय जन्माचं आणि काय नंतर जोडलेलं. तो हनुवटीला हात लावून ऐकत होता. निवृत्त झाल्यापासून माझं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं. मला चढत गेलं.

"आणि नंबर हवा ना तुम्हाला?" मी म्हणालो. "अशा बंदुकीत सांगाड्यावरचा नंबरच चक्रीवरही मारलेला असतो. चक्रीच्या पाठीवर. तिथे हात पोचत नाही, तिथे झिजणार नाही."

मी पिन ओढली. चक्री तळहातावर पडली. खिशातलं भिंग काढलं आणि तिच्या पाठीवरचा नंबर एकेक आकडा करून मोठ्याने वाचला. हवालदाराने तो लिहून घेतला. अक्षर सुरेख होतं त्याचं. मग त्याने वही उघडून शेजारी ठेवली, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

पहिला आकडाच जुळत नव्हता. शेवटचाही नाही. वहीतला नंबर पाच आकडी आणि चक्रीवरचा सहा.

मी पुन्हा चक्री हातात घेतली, यावेळी नीट. मधलं माझं पितळी कडं चकाकत होतं. त्याच्याभोवतीचं मूळ भोक मी भिंगातून बघितलं. झिजलेलं भोक कधी गोल राहत नाही. ते एका बाजूला ओढलं जातं, अंडाकार होतं. हे मी दर वर्षी फळ्यावर काढून शिकवत आलो होतो. आणि हे भोक अगदी गोल होतं. ते झिजलंच नव्हतं. ते जन्मापासूनच तेवढं होतं, कारण ती चक्री जन्मापासून दुसऱ्या बंदुकीची होती. दादाने ती अकोल्याच्या कुठल्या तरी दुरुस्तीवाल्याकडून बदलून आणली असणार, ती नीट बसली नाही म्हणून मग माझ्याकडे. मी त्याला तेव्हा एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. पण मला आपली कारागिरी दाखवायची होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हवालदार हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमी कायले खोलली? मी तं लिहूनच राह्यलो होतो." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. पण आता त्याने तो नंबर ठाण्याच्या कागदावर लिहिला होता, आणि साहेबांना दाखवणं त्याला भाग होतं.

साहेब तरुण होता, उद्धट मुळीच नव्हता. उद्धट असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्याने शांतपणे सांगितलं की सांगाड्यावरचा नंबर गेलेला आहे आणि चक्री दुसऱ्याच हत्याराची आहे. ते दुसरं हत्यार कोणाचं, कुठे गेलं, कशात वापरलं गेलं, हे शोधावं लागेल. आणि नंबर गेलेलं हत्यार ज्याच्या ताब्यात सापडतं त्यानेच तो घालवला, असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे त्याने दाखवायचं. मी दसऱ्याचं सांगितलं. विटेचा चुरा, चिंच, राख, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, दसऱ्याला शस्त्रपूजा आम्हीपण करतो. हळदकुंकू लावतो, तेल लावतो. राखेनं घासत नाही कोणी." मग त्याने पेन्सिलीचं टोक त्या पितळी कड्यावर ठेवलं. "आणि हे कोणी बसवलं?"

तीस वर्षं मी अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीसाठी पोरांना वर्गाबाहेर काढलं. खोटं बोललेलं मला खपायचं नाही. आणि साहेबाने सरळ प्रश्न विचारला तेव्हा मी मूग गिळून बसलो. बिनपरवान्याने हत्यार दुरुस्त करणं हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. पेन्शन डोळ्यांपुढे आली, वाशीमला मी राहतो त्या गल्लीतली माणसं डोळ्यांपुढे आली. भीती वाटली. याला दुसरा शब्द नाही. साहेबाने जरा वाट पाहिली आणि म्हणाला, "बाईंना आत बोलवा."

वहिनी आली. आत काय झालं तिला काहीच माहीत नव्हतं. साहेबाने तिला खुर्ची दिली. ती टोकावर बसली.

"ही कोण घासत होतं, आजी?"

"मीच जी," ती म्हणाली. "लग्न होऊन आली तवापासून. दर दसऱ्याले. दुसऱ्या कोनाले हात नाई लावू देल्ला."

मी खोकलो. डोळे मोठे केले. ती माझ्याकडे बघून हवालदाराला म्हणाली, "भाऊजीले पानी द्या बरं जरा, ठसका लागला." आणि मग पुन्हा साहेबाला उत्साहाने सांगू लागली, आधी ती कशी काळीकुट्ट होती, पहिल्या वर्षी किती चिंच लागली, सासरे काय म्हणाले. सगळ्या ठाण्यात त्या वेळी ती एकटीच आनंदात होती. हवालदार लिहीत होता. तिने एक शब्द खोटा सांगितला नाही आणि त्याने एक शब्द चुकीचा लिहिला नाही. तरी त्या कागदावर शेवटी जे उतरलं ते असं होतं की नंबर या बाईच्या हातून गेला आणि बाई ते कबूल करते.

"आणि हे पितळ कोणी बसवलं?" साहेबाने विचारलं.

आता तिला काहीतरी कळलं. काय कळलं ते मी सांगू शकत नाही. तिने त्या पिवळ्या कड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ नाही पाहिलं. मेथीची जुडी कालची असेल तर गिऱ्हाईकाला आधी सांगणारी बाई ती. माझ्या देखत ती कधी खोटं बोलली नव्हती.

"मालकाले मालूम," ती म्हणाली. "ते तं गेले आता."

मी तिथेच होतो. तोंड उघडायला फार वेळ लागत नाही. मी उघडलं नाही. तिने जबाबाखाली सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली. मी तिच्या चष्म्याला बोट लावून तो वर सरकवून दिला, तेवढीच माझी मदत.

परत येताना एसटीत खिडकीशी बसून तिने विचारलं, "कागद देल्ला का त्यायनं?" कागद दिला होता. हत्यार जप्त केल्याच्या पंचनाम्याची प्रत होती ती. मी तिच्या हातात ठेवली. तिने ती चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "चाला, आता आपल्या घरी काई नाई." मी तिला तो कागद कशाचा आहे ते सांगितलं नाही. पंधरा दिवस सांगितलं नाही. सांगावं लागलं ते पोलीस तिला घेऊन जायला आले तेव्हा. त्याच दिवशी जामीन झाला. जमानतदार म्हणून मी सही केली. मुलीने पुण्याहून फोनवर विचारलं, काका, तुम्ही सोबत होता ना? हो, मी म्हणालो, सोबत होतो.

मग मी धावाधाव केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी ती धावाधाव. अकोल्यात जाऊन तो दुरुस्तीवाला शोधला. त्या जागी मोबाइलचं दुकान आहे आणि शेजारच्या कोणालाही काही आठवत नाही. दादाच्या पेटीतला कागद न् कागद उलटा केला; खताच्या पावत्या निघाल्या. मला एका गोष्टीची मोठी आशा होती. नंबर पोलादावर ठोकतात तेव्हा त्याच्या खालचं पोलादही दबतं. वरचे आकडे गेले तरी तेजाब लावून खालचे वर आणता येतात. रिव्हॉल्व्हर तपासणीला प्रयोगशाळेत गेली होती. तिथे ते करतीलच, आणि मूळ नंबर वहीशी जुळला की वहिनी सुटली, असं मी स्वतःला समजावत होतो. वहिनीलाही तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी म्हनता तं होईल."

अहवाल आला. पाचातले तीन आकडे वर आले होते आणि तिन्ही वहीशी जुळत होते. मी वाचताना उभाच राहिलो. पण खाली लिहिलं होतं की मूळ नंबर घर्षणाने नाहीसा झालेला आहे, आणि चक्री वेगळ्या हत्याराची असून ते कोणाच्या नोंदीत सापडत नाही. घर्षण कसलं, ते लिहिलं नव्हतं. कानस फिरवली तर ओरखडे एका दिशेने जातात. बाईने राखेने घासलं तर गोल गोल उठतात. हे भिंगातून कोणालाही दिसेल, पोरांनाही दिसेल. मी ते चार पानांवर आकृत्या काढून लिहिलं. वकिलाने ती चार पानं आदराने वाचली आणि मला परत दिली. "सर, तुम्ही तिचे दीर आहात," तो म्हणाला. "तुमचं कोण ऐकणार?"

तेव्हा मी त्याला बुशचं सांगितलं. सगळं सांगितलं, मी केलं, मी बसवलं, मी कोर्टात सांगायला तयार आहे. सांगून मला हलकं वाटलं. वकिलाने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतं तर वेगळं होतं. आता सांगाल तर आरोपी दोन होतील, एक कमी होणार नाही. आणि बाईंनी जबाबात खोटं सांगितलं हेही निघेल. आज त्यांच्या बाजूने एकच गोष्ट आहे, की म्हातारी खरं बोलते. ती पण तुम्ही काढून घेणार का?"

खरं बोलायची वेळ मी घालवली होती, आणि आता माझ्या खरेपणाने तिचंच नुकसान होणार होतं. मला माझा इतका संताप आला की मी त्या दिवशी घरी येऊन चक्क भिंग फोडलं. बायको म्हणाली, भिंग फोडून काय होणार? बरोबर होतं तिचं.

वहिनीला मी एकदा, मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?" ती वांगी तोडत होती. "कायले घ्याचं?" ती म्हणाली. "एका घरचे दोघं कायले पाह्यजेत त्यायले?" आणि कीड लागलेलं वांगं बाजूला टाकून पुढच्या झाडाकडे गेली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तिला त्या शहाणपणाचा काही उपयोग नव्हता.

पहिली तारीख उन्हाळ्यात होती. वहिनी लग्नाला निघाल्यासारखी इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. बरोबर डबा, दोघांचा. कोर्टात पंखा होता पण तो आमच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. तिने मला हळूच विचारलं की साहेबांपुढे चप्पल काढायची असते का. मी म्हणालो, नाही. तरी तिने ती पायातून सैल करून ठेवली होती. आमच्या आधी जमिनीच्या वाटणीचं एक लांबलं, मग कोणाची तरी मोटारसायकल. ती सगळ्यांचं लक्ष देऊन ऐकत होती आणि मधूनमधून "अरे देवा" म्हणत होती.

मग शिपायाने पुकारा केला. आरोपी, आणि पुढे पूर्ण नाव. तिचं, दादाचं, आडनाव.

वहिनी शांत बसून होती. कोण उठतं म्हणून तीही इतरांसारखी इकडेतिकडे बघत होती. मला आधी कळेना. मग कळलं. लग्न झाल्यापासून तिला त्या नावाने कोणी हाक मारलीच नव्हती. आई तिला सूनबाई म्हणायची, दादा 'अवं' म्हणायचा, गाव पाटलीणबाई म्हणायचं, मी वहिनी. मतदानाच्या दिवशी कोणी यादीतून वाचलं असेल तेवढंच.

शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं, जरा चिडून. न्यायाधीशांनी मान वर केली. मलाच सांगावं लागलं. मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "वहिनी, उठा. ते तुम्हाला बोलावतायत."

"मले?" ती म्हणाली.

ती गडबडून उठली, पदर डोक्यावरून पुढे घेतला आणि अनवाणीच निघाली. तिच्याबरोबर मीही उठलो. कशासाठी उठलो, उठून काय करणार होतो, मला आजही सांगता येत नाही. कदाचित बोललोही असतो. तिने वळून पाहिलं आणि माझ्या दंडावर हात ठेवून मला खाली दाबलं, लहानपणी ताटावरून उठायला लागलो की दाबायची तसंच.

"तुमी बसा, भाऊजी," ती म्हणाली. "तुमाले नाई बोलावलं."

मी बसलो.